मेट्रिक्स ठेवायला इलॅस्टिकसर्च: वापरून पाहिल्यावरचं मत

मेट्रिक्स म्हणजे साइट आणि सर्व्हर कसे चाललेत याची मोजमापं. निकाल आधीच सांगून टाकते. वेबसाइटवर येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद ठेवायची असेल, म्हणजे किती मिलिसेकंद लागले, कुठलं पान, कुठला मार्ग, पैसे कशाने भरले, कुठलं अ‍ॅप व्हर्जन, तर इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रासारखी सोय नाही. सर्व्हरचा सीपीयू, मेमरी, डिस्क असे दर दहा सेकंदांनी येणारे सुटे आकडे ठेवायला मात्र ते खर्चिक पडतं. ते काम प्रॉमिथियसकडे द्या, ते खास अशा आकड्यांसाठीच बनवलेलं आहे. दोन्ही एकाच ठिकाणी कोंबायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण लॉगसाठी इलॅस्टिकसर्च आधीच चालू असतं आणि मीटिंगमध्ये कुणीतरी 'आहे त्यातच भागवू ना' म्हणतंच.

मी पुण्यात खासगी बसची तिकिटं विकणाऱ्या एका साइटचं बॅकएंड सांभाळते. टीम छोटी, मशीनचं बजेट त्याहून छोटं. आमचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. गणपतीच्या आधी कोकणच्या गाड्या, दिवाळीत विदर्भ-मराठवाड्याच्या, मे महिन्यात सगळ्याच. एरवी सर्व्हर जांभया देत असतात आणि बुकिंग उघडलं की दहा मिनिटांत झुंबड. त्यामुळे 'सरासरी रिस्पॉन्स टाइम इतका' हा आकडा आमच्या काहीच कामाचा नाही. कुठल्या मार्गावर, कुठल्या पेमेंट पद्धतीत, कुठल्या फोनवर लोक अडकताहेत हे कळायला हवं, आणि तेही अडकलेले असतानाच.

शोधयंत्रात आकडे कशाला ठेवायचे, हा प्रश्न रास्त आहे. शाय बॅनन यांनी 2010 मध्ये ल्युसिन या शोधाच्या लायब्ररीवर उभं केलेलं हे यंत्र मुळात मजकूर शोधायला. पण ल्युसिनमध्ये शब्दांच्या सूचीबरोबर नोंदीतल्या प्रत्येक फील्डची (रकान्याची) आणखी एक मांडणी असते, स्तंभासारखी: एका फील्डच्या सगळ्या किमती एकापाठोपाठ एक. तिला डॉक व्हॅल्यूज म्हणतात. बेरीज, सरासरी, गटवारी (एकत्रितपणे अ‍ॅग्रिगेशन) हे सगळं या स्तंभांवर चालतं. 2014 च्या 1.0 व्हर्जनमध्ये अ‍ॅग्रिगेशन आलं, 2015 च्या 2.0 पासून डॉक व्हॅल्यूज आपोआप चालू झाल्या, 2016 च्या 5.0 मध्ये आकडे झटपट शोधायला वेगळी, झाडासारखी मांडणी आली. तिथून पुढे हे यंत्र आकड्यांच्या कामातही मुरलं. इंटरनेटवर अजून 'इलॅस्टिकसर्चमध्ये मेट्रिक्स? छे!' असं सांगणारे सल्ले फिरतात, त्यातले बरेचसे त्या आधीच्या काळातले आहेत. तारीख बघून वाचा.

आता ज्यासाठी मी हे यंत्र सोडत नाही ती गोष्ट. गणपतीचं बुकिंग उघडलं त्या दिवशी सकाळी कॉल सेंटरमधून फोन. 'मॅडम, चार लोक सांगताहेत, पैसे भरायला गेलं की नुसतं फिरत राहतं.' ग्राफाना या आलेख काढणाऱ्या साधनातला मुख्य आलेख बघितला तर सरासरी झक्कास. सर म्हणाले, 'चारच लोक ना? त्यांचं नेट असेल.' मी किबानात, म्हणजे इलॅस्टिकसर्चमधला डेटा बघायच्या साधनात, पेमेंटच्या नोंदी उघडल्या, सरासरीऐवजी पी99 (99 टक्के रिक्वेस्ट ज्याच्या आत उरकतात तो वेळ) लावला आणि बँकेप्रमाणे तुकडे पाडले. सगळ्या रेघा तळाशी चिकटलेल्या आणि एकाच बँकेची रेघ वर तीस सेकंदांवर सपाट. तीस सेकंद म्हणजे आमचाच टाइमआउट. त्याच्या वर रेघ जाणारच नाही. त्या रेघेवर क्लिक केलं, खाली मूळ नोंदी आल्या, त्यातला रिक्वेस्ट आयडी उचलून लॉगमध्ये टाकला. नेटबँकिंगच्या त्या एका रस्त्यावर उत्तरच येत नव्हतं. तो पर्याय पानावरून तात्पुरता काढला आणि लोक यूपीआयकडे वळले. सरांनी चहा सांगितला.

यातलं काहीच प्रॉमिथियसमध्ये जमलं नसतं असं नाही, पण बँकेचं नाव आणि मार्ग ही लेबलं मला आधीच ठरवून ठेवावी लागली असती. प्रॉमिथियसमध्ये लेबलांच्या किमतींची प्रत्येक वेगळी जुळणी ही आकड्यांची वेगळी मालिका होते आणि मालिका वाढल्या की मेमरी वाढते. म्हणून युजर आयडी, रिक्वेस्ट आयडी असली भरमसाट किमतींची लेबलं लावू नका असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये बजावलेलं आहे. इलॅस्टिकसर्चच्या साध्या इंडेक्सला (नोंदींच्या संचाला) त्याचं काही वाटत नाही. पुणे ते सावंतवाडी, स्लीपर, अँड्रॉइड, जुनं व्हर्जन, अमुक बँक असं कितीही बारीक चाळा.

दुसरा फायदा पर्सेंटाइलचा, म्हणजे पी99 सारख्या आकड्यांचा. प्रॉमिथियसच्या नेहमीच्या हिस्टोग्राममध्ये खाने आधी आखावे लागतात: 100 मिलिसेकंदांच्या आत किती, 500 च्या आत किती, वगैरे. खाने चुकले की पी99 अंदाजपंचे. इलॅस्टिकसर्चमध्ये प्रत्येक रिक्वेस्टचा वेळ तसाच्या तसा पडून असतो आणि पर्सेंटाइल क्वेरीच्या वेळी काढलं जातं, टी-डायजेस्ट नावाच्या पद्धतीने. तेही अंदाजी, पण टोकांकडे, म्हणजे आपल्याला जिथे बघायचं असतं तिथे, चांगलं अचूक. आणि पाच सर्व्हरांचे पाच पी99 घेऊन त्यांची सरासरी काढणं हा जो राजरोस चालणारा प्रकार आहे, त्याची गरजच उरत नाही.

आता बोटं मोडायची पाळी.

मॅपिंग, म्हणजे कुठल्या फील्डचा प्रकार काय हे ठरवणं, आपोआप होतं, हे इलॅस्टिकसर्चचं कौतुक म्हणून सांगतात. मेट्रिक्ससाठी तीच खरी मेख. टीममध्ये नवीन मूल आलं की मी हे आधी करून दाखवते. रिकामा इंडेक्स घ्यायचा. नोड जेएसमधून (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधून) रिस्पॉन्स टाइम सेकंदात पाठवायचा, पहिली किंमत 1.0. जावास्क्रिप्ट ते जेसन या मजकुरी रूपात लिहिताना नुसतं 1 लिहिते. इलॅस्टिकसर्च बघतं, पूर्णांक आलाय, फील्डचा प्रकार ठरवतं लाँग. मग पुढची नोंद 0.38, त्यापुढची 0.72. त्रुटी? एकही नाही. नोंद उघडली तर 0.38 व्यवस्थित दिसतं, कारण मूळ जेसन जसंच्या तसं ठेवलेलं असतं. पण स्तंभात गेलेली किंमत दशांश छाटून शून्य झालेली असते, आणि सरासरी निघते स्तंभावरून. मूल सरासरी काढतं, स्क्रीनकडे बघतं, परत नोंद उघडतं, परत सरासरी काढतं. 'ताई, पण इथे तर 0.38 दिसतंय!' एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की इंडेक्स टेम्प्लेट, म्हणजे फील्डांच्या प्रकारांचा साचा, आधी लिहा असं वेगळं सांगावं लागत नाही.

टेम्प्लेट लिहायचंच आहे तर पाच गोष्टी तिथेच उरका. वेळ मिलिसेकंदात, पूर्णांकात पाठवा. मार्ग, बँक, स्टेटस कोड हे सगळे नुसते कीवर्ड (अख्खा मजकूर ही एकच किंमत) करा. आपोआप सोडलं तर प्रत्येक मजकुराचं एक, शब्द फोडून ठेवणारं टेक्स्ट फील्ड आणि त्याखाली कीवर्ड अशी दुहेरी नोंद होते आणि टेक्स्टचा इथे शून्य उपयोग. दशांश हवेतच असतील तर स्केल्ड फ्लोट बघा. पैशाचे दोन दशांश असतील तर शंभराने गुणून आत पूर्णांक ठेवतं. ज्या आकड्यांवर नुसती बेरीज-सरासरी करायची आहे आणि कधी गाळणी लावायची नाही, त्यांचं इंडेक्सिंग बंद करून फक्त डॉक व्हॅल्यूज ठेवा. आणि अनोळखी फील्ड आलं तर ते स्वीकारू नका. एका इंडेक्सला मुळात 1,000 फील्डांची मर्यादा असते, आणि फील्डच्या नावात सीट नंबर घालणारा डेव्हलपर प्रत्येक कंपनीत एक तरी असतो.

वेळेच्या बाबतीत आपण भारतीय आणखी एका ठिकाणी मार खातो, आणि हे इंग्रजी लेखांत क्वचित सापडतं, कारण लिहिणाऱ्यांचं घड्याळ बहुधा पूर्ण तासांनी पुढेमागे असतं. इलॅस्टिकसर्च आत सगळं यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतं. किबाना ब्राउझरचा टाइमझोन लावतं, म्हणून आलेख बरोबर दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. पण तोच प्रश्न स्क्रिप्टमधून थेट विचारला आणि टाइमझोन द्यायला विसरलं की दिवस सुरू होतो पहाटे साडेपाचला. रात्री बारा ते साडेपाचमधली सगळी बुकिंग आदल्या दिवशी. हे निदान लक्षात तरी येतं, कारण हिशेबाच्या माणसाचा आकडा जुळत नाही आणि तो फोन करतो. तासाच्या गटांचं जास्त वाईट. यूटीसीचा एक तास आपल्याकडे साडेनऊ ते साडेदहा असा पडतो. आमचं बुकिंग उघडतं दहाला. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासाची झुंबड आणि त्याआधीचा शुकशुकाट एकाच गटात मिसळले, आणि टोक बुटकं दिसलं. डेट हिस्टोग्रामच्या (वेळेप्रमाणे गट पाडणाऱ्या) प्रत्येक क्वेरीत एशिया/कोलकाता लिहा, विषय संपला.

संपला असं म्हणतेय, पण डाउनसॅम्पलिंगमध्ये तो परत डोकं वर काढतो. जुना डेटा आटवून तासाला एक नोंद करून ठेवायची सोय इलॅस्टिकसर्चमध्ये आहे. तासाचे ते गट यूटीसीचे. एकदा आटवलं की भारतीय दिवसाची सीमा, म्हणजे यूटीसीचे साडेसहा संध्याकाळचे, बरोबर एका गटाच्या मध्यात येते आणि तो गट अर्धा इकडे अर्धा तिकडे करता येत नाही. आमच्यासाठी उत्तर सरळ होतं: तासाऐवजी तीस मिनिटांचे गट. जागा दुप्पट, पण मध्यरात्र मध्यरात्रीलाच. आटवताना काय उरतं हेही बघून घ्या. गेज प्रकारच्या, म्हणजे सीपीयूसारख्या वरखाली होणाऱ्या, आकड्याची किमान, कमाल, बेरीज आणि संख्या एवढंच राहतं. म्हणजे सरासरी काढता येईल, पी99 विसरा.

आता जागेचा हिशेब, कारण शेवटी घोडं तिथेच अडतं. धरून चला, एका सर्व्हरवरून 300 आकडे दर दहा सेकंदांनी येतात. दिवसाला 8,640 वेळा, म्हणजे 25,92,000 किमती. प्रॉमिथियसच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणे एका किमतीला सरासरी 1 ते 2 बाइट लागतात. म्हणजे दिवसाचे फार तर पाचेक एमबी. ही किमया फेसबुकच्या लोकांनी 2015 मध्ये गोरिला या नावाने मांडलेल्या पद्धतीची: वेळ आणि किंमत पूर्ण न लिहिता आधीच्यापेक्षा किती बदललं तेवढंच लिहायचं. तेच आकडे इलॅस्टिकसर्चला एकेका जेसन नोंदीत पाठवले, नोंद 200 बाइटची धरली, तर पाठवायचाच माल पाचशे एमबीच्या वर. आत गेल्यावर दाबला जातो हे खरं, पण सुरुवातच शंभरपटींनी. एका वेळचे, एका सर्व्हरचे सगळे आकडे एकाच नोंदीत बसवले तर ही दरी बरीच बुजते, आणि ज्यांना इलॅस्टिकसर्चच वापरायचं आहे त्यांनी हे डोळे झाकून करावं.

इलॅस्टिकवाल्यांनाही हे दुखणं ठाऊक आहे. 2023 च्या मार्चमध्ये आलेल्या 8.7 पासून टाइम सिरीज डेटा स्ट्रीम, म्हणजे वेळेनुसार येणाऱ्या आकड्यांचा खास साठा, पक्की झाली. त्यात कुठली फील्डं ओळख सांगतात, जसं सर्व्हर, सेवा, मार्ग, आणि कुठली मोजमाप, हे आधी जाहीर करायचं. मग नोंदी ओळखीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे क्रमाने ठेवल्या जातात, सारख्या किमती शेजारी येतात आणि चांगल्या दाबल्या जातात. कंपनी 70 टक्क्यांपर्यंत बचत सांगते. बचत होते हे मलाही दिसलं. किती, ते तुमच्या डेटावर. पण हा प्रकार शिस्तीचा आहे. चालू वेळेच्या पुढेमागे काही तासांच्याच नोंदी सुरुवातीला घेतो. गेल्या महिन्याची सीएसव्ही ओतायला गेलात की साफ नकार. आणि एकच ओळख, एकच मिलिसेकंद अशा दोन नोंदी आल्या तर दुसरी परत. एका मशीनवर नोडच्या चार प्रोसेस चालत असतील आणि ओळखीत फक्त मशीनचं नाव असेल तर हे होणारच. प्रोसेसचा क्रमांकही ओळखीत घाला. रिक्वेस्टच्या नोंदींसाठी मात्र हा प्रकार वापरू नका. तिथे प्रत्येक रिक्वेस्टची ओळख वेगळी, म्हणजे एकेका नोंदीची मालिका, आणि सगळा फायदा पाण्यात. त्यांना साधी डेटा स्ट्रीम बरी.

काउंटर, म्हणजे वाढतच जाणारी मोजणी, हा आणखी एक कच्चा दुवा. सर्व्हर रीस्टार्ट झाला की मोजणी शून्यावर येते. प्रॉमिथियसच्या रेट फंक्शनला हे जन्मजात कळतं. इलॅस्टिकसर्चमध्ये जुन्या पद्धतीने डेरिव्हेटिव्ह (आधीच्या किमतीपासूनचा फरक) लावलं तर आलेख जमिनीखाली बुडी मारतो. किबानाच्या लेन्स या आलेख बनवायच्या साधनात काउंटर रेट आहे, तो वापरा. हाताने क्वेरी लिहिणाऱ्यांनी सांभाळून.

एक गोष्ट मात्र हट्टाने करा. साइटचा स्वतःचा शोध ज्या क्लस्टरवर (इलॅस्टिकसर्चच्या मशीनांच्या गटावर) चालतो, त्यावर मेट्रिक्स ठेवू नका. 'एकच क्लस्टर पुरे की' हा सरांचा प्रश्न आमच्याकडेही आलाच होता. कारण साधं आहे. क्लस्टरमधल्या एखाद्या नोडची (मशीनची) डिस्क 85 टक्के भरली की इलॅस्टिकसर्च तिथे नवे शार्ड (इंडेक्सचे तुकडे) द्यायचं थांबवतं, 90 ला असलेले हलवायला लागतं, आणि 95 ला त्या नोडवर ज्यांचा एकही शार्ड आहे अशा सगळ्या इंडेक्सांवर लिहिणं बंद करतं. सगळ्या. मेट्रिक्सनी डिस्क भरली तर सीटा अपडेट होणारा इंडेक्सही मुका होतो. मी हा परिच्छेद मीटिंगमध्ये वाचून दाखवला आणि वेगळं मशीन मंजूर झालं. त्या मशीनवर निम्मी रॅम जावाच्या हीपला (इलॅस्टिकसर्च स्वतः वापरतं त्या मेमरीला), तीही 32 जीबीच्या आत, आणि उरलेली ऑपरेटिंग सिस्टिमला फाइल कॅशसाठी मोकळी. हीप वाढवून वेग वाढेल ही समजूत सोडा.

पैशाचं. स्वतःच्या मशीनवर बेसिक लायसन्स फुकट आहे आणि वर सांगितलेलं बहुतेक सगळं त्यात चालतं. पण अलर्ट ईमेलवर किंवा स्लॅकवर पाठवायचा म्हटलं की पैसे मोजावे लागतात. फुकटात अलर्ट दुसऱ्या इंडेक्समध्ये किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिला जातो, जिथे रात्री दोनला कुणी बघत नाही. आम्ही ग्राफाना वर बसवलं. ते इलॅस्टिकसर्चमधून वाचतं आणि अलर्ट स्वतः पाठवतं. लायसन्सचा तमाशा तुम्ही ऐकला असेलच: 2021 मध्ये कंपनीने अपाची हे मुक्त लायसन्स सोडलं, अ‍ॅमेझॉनने 7.10 वरून ओपनसर्च वेगळं काढलं, 2024 मध्ये एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय आला. रोजच्या कामात याचा परिणाम एवढाच की दोघांच्या वाटा 7.10 नंतर फुटल्या आणि टाइम सिरीजचा प्रकार त्यानंतरचा. एकाच्या लेखातली सेटिंग दुसऱ्यावर डकवू नका.

राहिला जुना डेटा किती ठेवायचा हा प्रश्न. नोंदी एकेक करून पुसू नका. ल्युसिनमध्ये पुसलेली नोंद फक्त खूण करून ठेवली जाते आणि जागा मर्ज होईपर्यंत सुटत नाही. रोलओव्हर (ठरावीक वयाला किंवा आकाराला नवा इंडेक्स सुरू करणं) लावा आणि जुना अख्खा इंडेक्सच उडवा, लाइफसायकलचं धोरण ते आपोआप करतं. आम्ही रिक्वेस्टच्या नोंदी तीन महिने ठेवतो. अपवाद गणपतीच्या आधीच्या पंधरवड्याचा: त्या इंडेक्सांचा स्नॅपशॉट वेगळा काढून ठेवतो आणि पुढच्या वर्षी बुकिंग उघडायच्या आधी परत चढवतो. चढवताना लाइफसायकलचं धोरण काढायला विसरू नका, नाहीतर 'जुना झाला' म्हणून इंडेक्स आल्या पावली पुसला जाईल.

आणि तुलना करताना लेन्समध्ये 'एक वर्ष मागे' लावू नका. चतुर्थी 2024 ला 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला. तारखेला तारीख लावली तर 2025 चं विसर्जन 2024 च्या बुकिंगच्या गर्दीवर बसतं. टाइम शिफ्टमध्ये हाताने 354 दिवस लिहिले की रेघा एकमेकींवर चपखल येतात. 2026 ला मध्ये अधिक महिना आहे, चतुर्थी 14 सप्टेंबरला. तिथे 383 लिहा.